उलटा फिरलेला धूर

खरं सांगा, कुठे धूर दिसला की तुमचं नाक आधी का मुरडतं? गाड्यांच्या धुरातून तुम्ही रोज बिनबोभाट जाता. कारखान्याच्या चिमणीखाली पोरं वाढवता. मग एखादी बाई मातीच्या धुपाटण्यात चार काड्या पेटवून दारात उभी राहिली, की तुम्हाला अंधश्रद्धा, मागासलेपण आणि खोकला एकदमच कसे आठवतात? अशा नाकवाल्यांना दूर डोंगरपठारावरच्या एल आल्तो शहराच्या बाजारात बासिलियाबाई तिंतायासमोर नेऊन उभं करायला हवं. ती शांतपणे समजावून सांगेल. छे, खोटं कशाला बोला, ती भांडेलच.

बासिलिया कोआ विकते. डोंगरात खडकाला धरून उगवणारी बारीक पानांची झुडपं, हातावर चोळली तर पुदिन्यासारखा वास. सोबत लामा या लोकरी जनावराची चरबी, ऊद आणि साखरेच्या रंगीत वड्या. खाणी बंद पडून बाप रिकामा बसला, तेव्हा तिच्या आईने हीच कोआ उपटून शहरात आणली आणि रस्त्याच्या कडेला फडकं अंथरलं. बासिलिया त्या फडक्यावरच रांगली. आईने तिला एक गोष्ट कान पिळून शिकवली. "धूर म्हणजे केरसुणी समज. सगळ्यात आतल्या कोपऱ्यातून सुरू करायचं आणि दाराबाहेर काढायचं. केर कोणी आत लोटतं का?"

आई गेली आणि धुपाटणं लेकीकडे आलं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बासिलिया घोळदार घागरा सावरत, गोल टोपी पुढे ओढून अख्ख्या रस्त्याला धूर द्यायची. प्रत्येक ठेलेवाली स्वतःच्या हाताने चिमूटभर कोआ निखाऱ्यावर टाकायची, मनातलं पुटपुटायची, की झालं.

मग पालिकेने रस्त्यावरून ठेले उठवले. बायका गप्प बसल्या नाहीत, रस्ता अडवून आडव्या पडल्या. अश्रुधूर खाल्ला, शिव्या खाल्ल्या, आणि शेवटी छप्पर असलेला बाजार मिळवला. पण मिळाला तो कुठला? जुनं जप्तीचं गोदाम. त्यांच्याच ओढून नेलेल्या हातगाड्या तिथे गंजल्या होत्या, त्यांचेच बटाटे तिथे कुजले होते. आत पाऊल टाकलं की प्रत्येक बाई उंबऱ्यावरूनच मागे फिरायची.

ठेलेवाल्यांच्या संघटनेच्या बैठकीत ठरलं की ही जागा धुराने साफ झाल्याशिवाय एकही बाई विक्रीला बसणार नाही. उद्घाटन ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी दहाला. ऑगस्टात धरणीमाता पाचामामा भुकेली असते, याहून चांगला मुहूर्त कुठला? बासिलिया ताडकन उठली. "फीत कापायच्या आत धूर दाराबाहेर गेला नाही, तर आईचं धुपाटणं मी दुसरीच्या हातात देईन. लिहून घ्या."

"लिहून घ्यायची गरज नाही, सगळ्यांना ऐकू गेलंय," रूथ कालिसाया म्हणाली. रूथ संघटनेची सचिव, तान्ह्या मुलांचे लोकरी कपडे विकणारी. रस्ता अडवला होता तेव्हा ती आणि बासिलिया एकाच घोंगडीत निजल्या होत्या. नंतर रूथने नव्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, कोआ सोडली, धरणीला दारू शिंपडणं सोडलं, आणि दोघींचं बोलणं तुटलं. काही सांगायचंच झालं तर म्हाताऱ्या हिलारियामार्फत. "हिलारियाबाई, त्यांना सांगा, तुमचं तुम्ही करा. माझ्या ठेल्यावर धूर नको."

आणि जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा रूथचा ठेला नेमका दाराशी आला. पहिलाच.

शुक्रवारी बासिलिया उजाडताच हजर झाली. अंगात वारं भरलेलं. पुढचं मोठं शटर बंद होतं, किल्ली रूथकडे. बायका बाजूच्या छोट्या फाटकातून, संडासाच्या बोळातून आत आल्या. निखारे फुलले, कोआ तडतडली, चरबी वितळली, असा दाट पांढरा धूर उठला की बायकांनी टाळ्या वाजवल्या.

रूथ अजून प्रार्थनेहून आली नव्हती. बासिलियाने तिच्या आदल्या रात्रीच मांडून ठेवलेल्या, राखण नसलेल्या ठेल्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. ही यायच्या आत हिचा ठेला उरकून टाकू. काय करणार आहे ती? धूर परत मागणार?

ती तडक दाराशी गेली. रूथच्या टांगलेल्या झबल्यांखालून, टोपड्यांमधून धुपाटणं फिरवलं, रूथच्या नावाची चिमूट स्वतःच टाकली. मग निघाली आत. आता तिला थांबवणार कोण! मक्यावाली, चीजवाली, मसाल्यांची दुकानं, एकेक बाई चिमूट टाकत होती, कुणी रडत होती, कुणी हसत होती. "बाई, माझ्या नवऱ्याला पण दे जरा धूर." "त्याला धुराने नाही होणार, त्याला भट्टीतच घाल." अशा थाटात बासिलिया गोदामाच्या शेवटच्या कोपऱ्यात पोचली. तिथे हिलारिया बसली होती, पुढ्यात चुन्योची, म्हणजे हिवात गोठवून वाळवलेल्या काळ्या बटाट्यांची पोती.

हिलारियाने चिमूट उचलली आणि तशीच धरून ठेवली. "बासिलिया, सुरुवात कुठून केलीस गं?"

"दाराकडून."

म्हातारीने चिमूट परत पिशवीत टाकली. "म्हणजे अख्ख्या गोदामाचा केर माझ्या चुन्योवर आणून ओतलास."

बासिलियाचे कान तापले. आईची केरसुणी तिने उलटी धरली होती, तीही कशासाठी, तर एका बाईवर कुरघोडी करायला.

"आता इथून परत फिरव आणि काढ बाहेर," हिलारिया म्हणाली. "मी या ढिगात बसणार नाही."

"कुठून काढू? शटर बंद आहे."

"संडासाच्या बोळातून काढ," चीजवाली म्हणाली.

"तुझ्या चीजवरून काढते, थांब."

तेवढ्यात बोळातून रूथ आली. दोन पावलं टाकली आणि थबकली. एक टोपडं नाकाला लावलं. "माझ्या ठेल्यावर कोण आलं होतं?"

बाहेर बँडवाले जमले होते, ढोल बडवून पाहत होते. बासिलिया धुपाटणं घेऊन पुढे झाली. "मी."

"हिलारियाबाई, त्यांना विचारा..."

"मला मध्ये घेऊ नका," हिलारिया ओरडली. "मी आधीच केरात बसलेय."

रूथने पहिल्यांदा बासिलियाकडे सरळ पाहिलं. "ही झबली आता कोणती आई घेईल? चरबीचा वास येतोय. मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते, नाहीच म्हणाले असते. पण विचारायचं तरी होतंस. रस्त्यावर पोलीस आले तेव्हा माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं, आणि आज तू चोरासारखी शिरतेस?"

बासिलियाने आयुष्यात पोलिसांना झापलं होतं, अधिकाऱ्यांना झापलं होतं. माफी मागायची वेळ तिने कधी येऊच दिली नव्हती. तिने धुपाटणं जमिनीवर ठेवलं. "चुकलं माझं. झबली मी धुऊन देईन, माझ्या हाताने. आता शटर उघड."

"हा हुकूम झाला."

बाहेर तुतारी वाजली. बासिलियाने टोपी काढली, परत घातली. "रूथ, उघडशील का? हा धूर आत राहिला तर कोणीच बसणार नाही. आपण ज्याच्यासाठी रस्त्यावर झोपलो ते सगळं फुकट जाईल."

"धुरावर माझा विश्वास नाही."

"नसू दे. दारावर तरी आहे ना?"

उरलेल्या कपड्यांवर रूथने प्लास्टिक ओढलं, कुलूप काढलं आणि शटर वर लोटलं. शटर कमरेपर्यंत गेलं, छातीपर्यंत गेलं, डोक्यावर गेलं, आणि आतली स्प्रिंग फटकन तुटली. अख्खं लोखंड रूथच्या दोन्ही हातांवर आलं. मक्यावाली धावली, तिने दुसरी बाजू पेलली.

"सोडू नकोस," बासिलिया ओरडली.

"सोडून जाऊ कुठे? तुझं काय ते आटप लवकर."

बासिलिया धुपाटणं उचलून धावत सुटली ती थेट हिलारियाच्या कोपऱ्यात. मूठमूठ कोआ टाकली. हिलारियाने या वेळी चिमूट टाकली आणि वर फुंकरही घातली. आता धूर बरोबर वाटेने निघाला. बायका मागे, घागरे हलवून हलवून त्याला पुढे ढकलत. चुन्यो, मसाले, चीज, मका, सगळं मागे टाकत तो दाराशी आला, आणि दारात रूथ हात वर करून, डोळे मिटून, आपल्या चर्चमधलं भजन खणखणीत आवाजात म्हणत उभी.

बासिलिया थांबली. धूर तिच्यावरूनच जाणार होता. तिने पाठीवरचं रंगीत गाठोडं सोडलं आणि त्याचं कापड चीजवालीच्या हातात दिलं. "धर दुसरं टोक. रूथच्या आड धर. तिच्या अंगाला लागता कामा नये." दोघींनी कापडाचा पडदा केला, आणि त्याच्या पलीकडून बासिलियाने वाकून, शटरखालून धुपाटणं बाहेर काढलं.

बाहेर फीत कापायला आलेले साहेब कात्री घेऊन धुरात बुडाले. बँडवाल्यांचा ताल सुटला. आत बायकांनी असा कल्ला केला की ढोलाची गरजच उरली नाही. अजून दहा वाजायचे होते.

"झालं का?" रूथने एक डोळा उघडला. "खांदे गेले माझे."

"झालं," बासिलिया म्हणाली, आणि शटरखाली स्वतःचा खांदा लावला.

बासिलियाने तीन वेळा धुतली तरी त्या झबल्यांचा वास गेला नाही. शेवटी ती तिने स्वतःच्या ठेल्यावर टांगली आणि तिथे धूर लागलेली म्हणूनच ती पटापट खपली. दोघी आता थेट बोलतात. म्हणजे थेट भांडतात.

त्या स्प्रिंगचा अर्ज मात्र कुठल्यातरी टेबलावर पडून आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एका बाजूने शटर रूथच पेलते, तोंड फिरवून, भजन म्हणत. दुसरी बाजू मक्यावाली पेलायची, पण तिची कंबर धरलीय आणि बाकी सगळ्या धुरामागे असतात. तेव्हा पहिल्या शुक्रवारी इकडे फिरकलात तर कॅमेरा पिशवीत ठेवा, बाह्या वर करा आणि धूर बाहेर पडेपर्यंत शटरची ती बाजू धरा.