सुकऱ्याचं अर्धा लिटर तेल

धर्मेशची बुलेट अंबरनाथच्या उड्डाणपुलावर अडली ती माझ्यामुळे. इंजिन गुरगुरत होतं, फटफट वाढत होती, पण मागचं चाक पुढे सरकायला तयार नव्हतं. मागे त्याची आई मोतीबाई बसलेली, मांडीवर धर्मेशच्याच लग्नाच्या पत्रिकांची पिशवी. रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले तेव्हा ती उतरली आणि काष्टा सावरत अर्धा पूल पायी चढली. तासाभरात गाडी ढकलत मायलेक मोरिवलीच्या आमच्या गॅरेजात हजर.

"कोनी भरला तेल?" मोतीबाईने दारातूनच विचारलं. "जल्ला त्याचा हात! परवा माज्या पोराची हलद हाय. मंडपान याच गारीवरशी जायाचा हाय त्याला, बापाची गारी हाय ती!"

मी लगेच एक पाना शोधायला वाकलो. पाना माझ्या हातातच होता.

आता हे घडलं कसं ते सांगतो, आणि ते सांगायचं तर सुकऱ्याबद्दल सांगावंच लागतं. माझ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट सांगायची झाली की हा माणूस मध्ये येतोच.

सुकऱ्या बारवी धरणापलीकडच्या पाड्यावरचा. आई जिवली बदलापूरच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसते. आश्रमशाळेत सातवी, मग वीटभट्टी, मग आनंदनगर एमआयडीसीत ठेकेदाराकडे खोकी उचलणं. ते काम सुटल्यावर हरिचंद्रशेठच्या गॅरेजात पार्ट धुवायला लागला. मी तेव्हा तिथे आधीपासून होतो. दोन वर्षांचा आयटीआय, प्रमाणपत्र लॅमिनेट करून मीच भिंतीवर लावलेलं. तीन वर्षांत अशी वेळ आली की गिऱ्हाईक माझ्या अंगावरून आत डोकावून विचारायचं, "सुकऱ्या आहे का?" एका शनिवारी मी मोजलं. अकरा जणांनी विचारलं. मला फक्त एकाने विचारलं, हवा कुठे भरतात म्हणून.

त्याची खास गोष्ट म्हणजे तेल. जुनं तेल काढलं की बोटावर घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचा, "हे चालनार नाय." गिऱ्हाईक खलास. मीही करून पाहिलं. बोटं काळी झाली, बाकी काही कळलं नाही. मग मी सगळ्यांना सांगू लागलो की पाड्यावर मोहाच्या बियांचं तेल काढतात, लहानपणापासून त्याचं नाक तयार आहे. म्हणजे त्यात त्याचं स्वतःचं असं काही नाही, हे लोकांच्या आपोआप लक्षात यावं. लोक उलट म्हणायचे, "अरे वा!"

त्यात शेठनी बदलापूर पूर्वेला नवा गाळा घेतला. "दिवाळीच्या आत कुणालातरी तिकडे बसवतो," एवढंच बोलले. मी राहतो बदलापूरला. गाळा माझ्या घरापासून चार मिनिटांवर. वाटेवरच्या शाळेतले सर मला अजून ओळखतात. तिथे आत मी खुर्चीत बसलोय आणि बाहेर पाटीवर माझं नाव आहे, हे मी रोज आंघोळीच्या वेळी बघत होतो. आणि तिथे सुकऱ्या बसला, तर रोज येता जाता त्याची पाटी वाचावी लागणार होती.

तेवढ्यात धर्मेशची बुलेट सर्व्हिसिंगला आली. त्याच्या वडिलांची, कै. बुधाजींची, जुन्या घडणीची. या गाडीत इंजिनाचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि डाव्या बाजूच्या पेटीतलं वेगळं. त्या पेटीत इंजिनाची ताकद पुढे नेणारी साखळी असते आणि क्लचच्या प्लेटा, दोन्ही तेलात भिजलेल्या. सुकऱ्या तिथे नेहमी साधं, स्वस्तातलं तेल घालायचा. मी ठरवलं, यावेळी शेठला दाखवू या शिक्षण म्हणजे काय.

उल्हासनगरला कमलेश नावाच्या सिंधी व्यापाऱ्याच्या ऑइलच्या दुकानात गेलो. म्हटलं, "सबसे महंगा दो."

कमलेशने सोनेरी डबा ठेवला, पण हात काढला नाही. "साईं, ये कार का है. बाइक में डालेगा क्या?"

"मुझे मत सिखाओ यार, आयटीआय किया है."

त्याने हात काढला. व्यापारी माणूस, त्याने तरी किती वेळा सांगायचं?

तेच तेल मी त्या डाव्या पेटीत ओतलं होतं. आता परत गॅरेजात. शेठ बाहेर आले. "काय घातलं होतं रे?"

"लेव्हल थोडी जास्त झाली असेल," मी म्हणालो.

सुकऱ्या गाडीपाशी बसला. पाय ठेवायचा पायटा आणि ब्रेकचा दांडा सोडवला, खाली परात सरकवली आणि पेटीचा मधला एकुलता नट फिरवला. झाकण निघालं तसं तेल भसकन परातीत. बोटावर घेतलं, चोळलं. मग कोपऱ्यातला सोनेरी डबा उचलून माझ्या हातात दिला.

"मागं काय लिवलंय, वाच."

"कशाला?"

"वाच नं. तुला विंग्रजी येतं."

मी वाचलं. बारीक अक्षरात सरळ लिहिलं होतं, फक्त मोटारगाड्यांसाठी. शेठ ऐकत होते. मोतीबाईही ऐकत होती. "समोरशी सोना नि मागशी ह्यो!" ती म्हणाली. "मंग शिकून काय केलास रं तू?"

सुकऱ्याने तिला समजावलं, मला नाही, म्हणून जास्त झोंबलं. "मावशी, मोटारीचा क्लच कोरडा असतो, तेलात नसतो. म्हनून त्या तेलात घसरायचं औषध घालतात, इंजिन हलकं फिरावं म्हनून. आपल्या प्लेटांना तर एकमेकींना धरायचं असतं. त्या घसरल्या."

प्लेटा पेट्रोलमध्ये धुऊन त्याने उन्हात मांडल्या. दुपारी मी खोचून विचारलं, "नाक काय म्हणतं मग?"

"नाक?" तो हसला. "काढलेल्या तेलात जळका वास येतो, तेवढंच नाकाला कळतं. कुठलं घालायचं ते नाक कसं सांगेल? मी डबा वाचतो."

पिशवीतून त्याने वही काढली. रिकाम्या डब्यांची मागची लेबलं कापून चिकटवलेली, प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीने मराठी अर्थ. काही लेबलांवर 'एमए' ही दोन अक्षरं लाल पेनने गोल केलेली. "हे असलं की ओल्या क्लचला चालतं. बहिनीनं शोधून दिलं. ती बारावीला हाय." चाळीस-पन्नास पानं असतील. मी सगळी उलटली. एखादी चूक सापडते का बघत होतो. एका ठिकाणी वेलांटी चुकली होती. मी दाखवली. त्याने थँक्यू म्हणून लगेच सुधारली.

प्लेटा वाळल्या आणि कळलं, गॅरेजातलं योग्य तेल संपलंय. कमलेशकडेही नव्हतं. नवा माल चार दिवसांनी येणार होता आणि हळद परवावर. सुकऱ्याने आपल्या गाडीच्या डिकीतून स्वतःसाठी घेतलेला अर्ध्या लिटरचा डबा काढला, लेव्हलच्या भोकातून थेंब गळेपर्यंत पेटी भरली आणि धर्मेशला पुलावर पाठवलं, आईला मागे बसवून. दोघं वर जाऊन, वळून परत आली. मोतीबाई उतरली ती थेट सुकऱ्याकडे गेली. "हलदीला यायचा. आयशीला पन घेऊन ये." मग माझ्याकडे बघून, "तू पन ये. पण गारीला हात नको लावू."

"माझं तेल तेवढं आणून दे हां," सुकऱ्या मला म्हणाला. "तू सांडलं, तू आन."

गाळा त्यालाच मिळाला. शेठनी मला वेगळं असं काही सांगितलंही नाही, सांगायला उरलंच काय होतं? पाटीवर त्याचं नाव नाही, नुसतं 'मोटरसायकल दुरुस्ती'. हे तर अजूनच वाईट, शिव्या द्यायलाही काही नाही. मी रोज सकाळी समोरच्या रस्त्यावरून जातो आणि बाहेर किती गाड्या उभ्या आहेत ते मोजतो. काल नऊ होत्या.

तेलाचा डबा मी गेल्याच महिन्यात कमलेशकडून आणलाय. यावेळी मागची बाजू वाचून घेतला, कमलेश बघत होता तरी. तो माझ्या डिकीत आहे. गाळ्यासमोर आलो की वेग कमी करतो. सुकऱ्या हात वर करून ओरडतो, "काय साहेब, माझं तेल?"

"उद्या," मी ओरडतो. दिलं तर तो मनापासून म्हणेल, अरे राहू दे, आनलंस हेच खूप. तेवढं ऐकायची माझी अजून तयारी नाही.