पट्टीचं दुसरं टोक

मोटरसायकलच्या सायलेन्सरला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळणं हे दोघांचं काम आहे, हे मला आबिड्सच्या दुकानदाराने सांगितलं. "पैले पानी में भिगाना साब. फिर एक जने खींचके पकड़ना, एक जने लपेटना. घर में कोन बी हैं ना?"

"हौ, हैं," मी ठोकून दिलं. इतकी वर्षं हैदराबादेत काढून दुसरं काही नाही तरी हे 'हौ' मला झकास जमायला लागलंय.

घरी कुणी नव्हतं. घटस्फोटानंतर मुलगी तिच्या आईबरोबर पुण्याला असते आणि मी नोकरीपायी इथे हिमायतनगरला. दिवाळीच्या सुट्टीत तेवढी ती माझ्याकडे येते. गेल्या दिवाळीत तिला मागे बसवून मिरची भजी खायला गेलो, तर तिची पोटरी तापलेल्या पाईपला टेकली. चांगला फोड आला. तिची आई फोनवर एवढंच म्हणाली, "यापुढे तिला बाईकवर बसवायचं नाही."

तिच्या आईचं काही चुकलं नव्हतं. पण माझी पंचाईत अशी, की मुलगी माझ्याशी बोलते ती फक्त बाईकवर. घरात समोरासमोर बसली की पाहुणी होते, "हो", "नको", "चालेल" यापुढे गाडी जात नाही. मागे बसली की शाळा, मैत्रिणी, भांडणं, सगळं माझ्या पाठीला सांगत सुटते. सुट्टी चार दिवसांची. ती बडबडही गेली तर माझ्याकडे उरणार काय? म्हणून तिच्या आईला विचारलं, पाईपवर पट्टी लावली तर? ती म्हणाली, "लावून फोटो पाठव, मग बघू."

रविवारी दुपारी बिल्डिंगच्या सेलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये, पाईप उतरवून बसलो. वॉचमनला हाक मारता आली असती, पण माझी जीभ रेटेना. त्याने कशासाठी विचारलं असतं आणि मला सगळं सांगावं लागलं असतं. शेवटी ओल्या पट्टीचं एक टोक जिन्याच्या ग्रिलला बांधलं, पट्टी ताणून लांब गेलो आणि पाईप हातात फिरवत, एकेक वेढा घेत ग्रिलकडे सरकू लागलो. जवळजवळ पोचलो आणि तिकडची गाठ सुटली. घेतलेले वेढे भराभर ढिले पडले.

मी तिथेच फरशीवर बसलो आणि मला रडू आलं. पट्टीसाठी कुणी रडतं का? पण आलं खरं. पकडायला एक हात, तेवढंच तर हवं होतं.

मग उठलो, पक्की गाठ मारली, पुन्हा गुंडाळली, तारेने आवळली. पट्टीतली काचेची कुसं तळहातांत शिरून पुढे दोन दिवस हात खाजत राहिले. पाईप बसवून इंजिन चालू केलं तर सेलरभर धूर, नवी पट्टी पहिल्यांदा तापताना सोडते तसा. वरून शेजारीण तेलुगूत ओरडली, "एमैंदी?", काय झालं म्हणून. मी म्हटलं, "एम लेदंडी," काही नाही हो. फोटो पाठवला. उशिराने उत्तर आलं, "ठीक आहे. सावकाश चालव."

दिवाळीत मी मुलीला पुण्याहून घेऊन आलो. रेल्वेत ती बहुतेक वेळ झोपूनच होती. सिकंदराबाद स्टेशनच्या स्टँडवरून गाडी काढली, तिला हेल्मेट घातलं, मागे बसवलं. पट्टी कौतुकाने दाखवली आणि तरी काळजी म्हणून वाकून तिचा पाय पाहिला.

पाय फूटरेस्टवर नीट टेकला होता. गेल्या वर्षी तो तिथवर पोचतच नव्हता, नुसता लोंबकळायचा, म्हणून तर पाईपला लागला होता. आता पोटरी पाईपपासून चांगली वीतभर लांब होती. पट्टी नसती तरी तिला भाजलं नसतं. मुलगी एवढी वाढली होती, आणि ते वाढणं कुणीतरी रोज पाहिलं होतं. मी नाही.

"बाबा, काय बघतोयस? चल ना," ती म्हणाली.

"काही नाही," म्हणालो आणि गाडी सुरू केली.