गाडीचा माग

त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही, याची अजून चुटपुट लागते. एटापल्लीच्या रस्त्यावर मोहाच्या झाडाखाली त्याचं दुकान होतं. माझी जुनी जीप सारखी डावीकडे ओढायची. चंद्रपुरात दोनदा अलाइनमेंट केलं, तरी ओढ जाईना.

त्यानं बॉनेट उघडलं नाही की स्टेअरिंगला हात लावला नाही. एवढंच म्हणाला, "त्या धुळीतून सरळ चालवून दाखवा."

मी चालवली. तो उकिडवा बसून चाकांचे ठसे बोटानं चाचपत राहिला. लाल धुळीत दोन नव्हे, चार रेषा उमटल्या होत्या.

"वाघाचा माग पाह्यला काय भाऊ? समोरचा पाय पडते, तिथीच तो मागचा ठेवते. तुमची गाडी तिरपी चालून राह्यली. दुखनं मागं हाये, अन् तुमी समोर इलाज करून राह्यले!"

मागच्या कमानपाट्याचा मधला बोल्ट तुटून दोन्ही चाकं जोडणारा अख्खा अ‍ॅक्सल सरकला होता. बरोबर त्याच्यावरच्या सीटवर माझी बायको बसून आली होती. 

नवा बोल्ट बसवून निघालो तेव्हा आरशात पाहिलं. तो गाडीकडे बघतच नव्हता. वाकून तिचा माग बघत होता. मग त्यानं हात वर केला, आणि तेव्हाच मी वेग वाढवला.