पार्सलच्या भांड्यावर नाव

लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव नसेल, तर आमच्या भंडारा शहरात ते भांडं दिलंच नाही असं धरतात. गेली बावीस वर्षं ही नावं टेकचंद टाकतो. वासुदेवरावांच्या भांड्यांच्या दुकानाचा ओटा ही त्याची जागा. भांडं दुकानातलं, वीज दुकानाची, नाव टाकायची मशीन टेकचंदची. सगळा तोंडी मामला.

मग गिऱ्हाईक घरबसल्या मोबाइलवरून भांडी मागवू लागलं. खोक्यातून डबा येतो, पण त्यावर मामाचं नाव कुठून येणार? खोकं घेऊन लोक टेकचंदकडेच यायचे आणि तोही नाव टाकायचा.

वासुदेवरावांचं डोकं फिरलं. ऐन लग्नसराईत ते दुकानात माशा मारत बसले होते, त्यांचं दुःख मला कळत होतं. पण राग मोबाइलचा आणि निघाला गरिबावर!

"टेकचंद, पार्सलचं भांडं माह्या ओट्यावर दिसलं तर तू आपलं बस्तान उचल."

"लोकं तुमच्याकडून घेऊन नाही राहिले शेठजी, त्यात माहा काय गुन्हा?"

"मंग माह्या विजेवर त्याईचं काम कायले?"

टेकचंदनं मशीन पिशवीत घातली. घर त्याच्याच हातावर चालायचं.

"बाबा, आता दुसरं काम पाहा," मुलगी शुभांगी म्हणाली.

"काहून? लोकायनं नाव टाकनं सोडलं काय? खरेदीची जागा बदलली, बस."

दुसऱ्या दिवशी तो पार्सलच्या ऑफिससमोर पोतं अंथरून बसला. तिथं वीज नव्हती, म्हणून वडिलांची छिन्नी-हातोडी काढली. मशीन मिनिटात लिहायची, छिन्नीला पाव तास लागतो. पहिल्याच आठवड्यात अंगठा दोनदा ठेचला, तरी गडी हलला नाही. खोकं घेऊन बाहेर पडणारे त्याला पाहून थांबू लागले.

महिन्याभरानं वासुदेवरावांच्या पत्नी रुखमिणीबाई रिक्षातून उतरल्या. हातात भलंमोठं खोकं.

"भाचीच्या लग्नाचा सेट आहे. वासुदेवराव यांच्याकडून, असं लिहा."

टेकचंदचा हात थांबला. "शेठजीले माहीत आहे?"

"त्याईनंच तं मोबाइलवरून मागवला. आपल्या दुकानात असा नमुना नाही म्हणे."

माझं पार्सल घेऊन मी शेजारीच उभा होतो, हसू दाबायला खोकलो. टेकचंद मात्र हसला नाही. त्यानं अक्षरं नेहमीपेक्षा खोल कोरली.

दुसऱ्या दिवशी वासुदेवराव स्वतः आले. नजर खाली.

"ओट्यावर ये टेकचंद. मशीन लाव. भांडं कोणाचंही असो."

टेकचंदनं त्यांना पोत्यावर जागा करून दिली. "बसा शेठजी. पन मी आता इथून उठत नाही. तुमचं भांडं विकलं का गिऱ्हाईक इकडं धाडा."

वासुदेवराव आले तसे परत गेले. मला वाटलं, संपलं.

दुपारी एक बाई पाणी भरायची नवी कोरी पितळी गुंडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "वासुदेवरावच्या दुकानातून घेतली. त्याईनंच तुमचा पत्ता देला."