साडूपेक्षा मोठी गिटार

माईकनं शिट्टी मारली की मला खामगावचं ते वाद्यांचं दुकान आठवतं, जिथं गिटार वाजवून पाहायच्या आधी मी ती गळ्यात अडकवून आरशात पाहिलं. साडूकडे नायलॉनच्या तारांची, स्पीकरला जोडायची गिटार होती, आणि तिचं कौतुक माझी बायकोच जास्त करायची. तोच साडू सोबत येऊन म्हणाला, "साडभाऊ, पातळ अंगाची घ्या. पोकळ गिटार स्टेजवर लय बोंबलते." माझा आवाज याच्यापेक्षा मोठा झालेला याला नको आहे, असं समजून मी सगळ्यात फुगीर गिटार उचलली. पुतण्याच्या हळदीत ती स्पीकरला जोडून त्याच्यासमोरच पहिली तार छेडली, आणि स्पीकरचा आवाज तिच्या पोकळ अंगात घुमून ती अशी किंचाळली की नवरदेवानंही हळदीच्या हातांनी कान झाकले. घरी येताना बायको म्हणाली, "तोंड काऊन पाडता? भाऊजींपेक्षा आवाज तं तुमचाच मोठा होता."