एकाच सुईच्या बाया

वैरागच्या मुक्ताबाईला मोतीबिंदू झाला आणि डोळ्यापायी तिचं रक्त बदनाम झालं. ऑपरेशनआधीच्या तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. यकृताचा आजार आहे, वर्षानुवर्षं अंगात गुपचूप बसतो, रक्तातून लागतो, ताटातून किंवा हातातून नाही, काही महिने गोळ्या घेतल्या की बहुतेकांचा जातो, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. गावापर्यंत त्यातलं 'लागतो' एवढंच पोचलं.

मुक्ताबाई आमच्या आळीतल्या बायांबरोबर एका शेडमध्ये विकायच्या कडक भाकऱ्या करते. शेडची कारभारीण बजाबाई. तिनं मुक्ताबाईला 'विश्रांती' दिली आणि तिच्या पेल्याला लाल दोरा बांधला. भाकरी थापणं सुटलं तर ही बाई खचेल, हे मला दिसत होतं. पण रडेल ती मुक्ताबाई कसली. रोज शेडच्या दारात बसून मुद्दाम फुर्र फुर्र करत चहा प्यायची.

आम्ही तरुण होतो तेव्हा बाजारच्या दिवशी एक डॉक्टर यायचा. काचेचं एकच इंजेक्शन, कोमट पाण्यात बुचकळलं की पुढच्या दंडात. आणि आम्ही एवढ्या शहाण्या, की नुसत्या गोळ्या दिल्या तर तोंड वाकडं करायचो. सगळ्यांना ओढून रांगेत उभं करणारी कोण? हीच बजाबाई.

एका सकाळी मुक्ताबाईनं सगळ्याच पेल्यांना लाल दोरे बांधून ठेवले. बाया भडकल्या.

"त्या सुईला मी काय एकलीच गेलते?" ती शांतपणे म्हणाली. "रांगेत माज्या फुडं कोण व्हतं, सांगू का?"

त्या दिवशी कुणी चहा घेतला नाही. पण आठवड्याभरात आम्ही सगळ्या, हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या नटून, रक्त तपासायला गेलो. माझं काही निघालं नाही. बजाबाईचं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तर ही विचारते, "आन् सुई?"

दुसऱ्या दिवशी बजाबाई शेडबाहेरच थांबली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मुक्ताबाई मात्र सरळ आत गेली, परातीत पीठ घेतलं आणि हाक मारली, "बजे, ये की आत. मी थापते, तू भाज."

"आता माज्या हातचं कोण खाईल गं?"

मुक्ताबाईनं भाकरी थापून तव्यावर टाकली. बजाबाईनं आत येऊन भीतभीत ती उतरवली, तशी मुक्ताबाईनं तिच्या हातातून घेऊन मोडली आणि तोंडात घातली.

"करपवलीस," ती म्हणाली, आणि खातच राहिली.