गरम भिंत

सकाळी नळाला थेंब येईना. गोठलेल्या नळीची लेओन्तिनाला भीती नव्हती, दिराची होती. आणि दोरिन आलाच, नाताळच्या डुकराचे केस जाळायचा गॅसचा बर्नर घेऊन. कार्पाथियन डोंगरातल्या त्यांच्या गावात झाडून सगळे पुरुष नळीतला बर्फ असल्या बर्नरनेच वितळवायचे.

"वहिनी, चुटकीसरशी पाणी आणतो."

"ठेवा ते बाहेर, भावजी! भिंत लाकडाची, आत भुसा भरलाय. नळ उघडा ठेवायचा आणि नळापासून मागे मागे गरम फडकी गुंडाळत जायचं."

"त्यापेक्षा उन्हाळाच येईल की आधी!"

ती चुलीवरचं गरम पाणी आणायला गेली. परतली तर हा पठ्ठ्या भिंतीत शिरणाऱ्या नळीवर ज्योत धरून बसलेला. तिने ओरडून बर्नर बंद करायला लावला. मग गरम फडकी गुंडाळली, बदलली, पुन्हा गुंडाळली. शेवटी नळ खाकरला आणि धो धो वाहू लागला.

"बघ, सुटला! उगाच जीव टांगणीला लावलास."

लेओन्तिनाने नळ बंद केला नाही. हिवाळाभर ती भिंती चाचपायची आणि गाव तिला हसायचं. आताही तिने भिंतीवर तळवा टेकला.

"तुमचे दादापण असंच नळी शेकून 'झालं' म्हणून जेवायला बसले होते. संध्याकाळपर्यंत जुनं घर राख झालं."

"अगं, पण मी जरासंच तर..."

"भावजी, बादली भरा," ती म्हणाली. "भिंत गरम लागतेय."